पाऊण वेढ्याचा मेंढा

मॉन्टानात रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना विकत मिळत नाही, सोडतीत लागतो. वसंतात अर्ज करायचा, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ‘या वर्षी नाही’ असं सरकारचं उत्तर वाचून फोन खिशात टाकायचा. डेलमर ऑस्टबी हे व्रत मिशी काळी होती तेव्हापासून पाळत आला होता. गावातले काहीजण अर्ज करता करता वारले. त्यांच्या बायका पुढेही एकदोन वर्षं सवयीने अर्ज करत राहिल्या, असं म्हणतात.

डेलमरला परवाना लागला तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता, आणि त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरणीने त्याच्या डोळ्यांत दिवा मारून बघितलं होतं.

“मागच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय,” ती म्हणाली. “कडेचं दिसत राहील. मधलं हळूहळू जाईल.”

“म्हणजे?”

“माझ्याकडे सरळ बघा. काय दिसतंय?”

“कान.”

“दोन्ही?”

“दोन्ही. चांगले आहेत.”

“आणि नाक?”

“नाक असणार,” डेलमर म्हणाला.

झीज सावकाश व्हावी म्हणून तिने गोळ्या दिल्या. उलटी फिरवता येत नाही, असंही सांगितलं. “भरपूर उजेड ठेवा. उजेड असेल तितकं बरं दिसेल.” डेलमरने तिचे आभार मानले, गाडीत बसला आणि गाडी बायकोला चालवायला दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं पहिल्यांदाच घडत होतं. आर्डिसने नुसती सीट पुढे ओढून घेतली.

आता रानमेंढ्याच्या बाबतीत अडचण अशी की, समोर आला आणि मारला, असं चालत नाही. निदान डेलमरच्या वाट्याला आलेल्या डोंगरात तरी चालत नव्हतं. तिथे पाऊण वेढ्याचाच नर मारायचा असा कायदा होता. शिंग मुळापासून मागे जातं, खाली वळतं, पुढे येतं. त्याचं टोक डोळ्याच्या पुढे गेलं तर मेंढा कायदेशीर. बोटभर मागे राहिलं, तर मारणारा गुन्हेगार. मेंढा जप्त, शिकारीचा परवाना जप्त, आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात नाव. हे बोटभर अंतर दरीच्या पलीकडच्या उतारावर ओळखायचं असतं. त्यासाठी माणसं एका डोळ्याची लांबलचक दुर्बीण तिपाईवर लावून पोटावर पडून राहतात. तिला तिकडे स्कोप म्हणतात. डेलमरला एवढंच हवं होतं. मेंढा मिळाला नाही तरी चालेल, पण त्याच्या शिंगाचं टोक स्वतःच्या डोळ्यांनी बघून हो किंवा नाही म्हणता यावं. हे ‘हो किंवा नाही’ म्हणण्यासाठीच तर तो आयुष्यभर अर्ज करत आला होता.

“कॉयला घेऊन जा,” आर्डिस म्हणाली. “त्याचे डोळे चांगलेत.”

“डोळे चांगलेत. डोळ्यांपासून तोंडापर्यंतचा प्रवास वाईट आहे.”

कॉय लेडबेटर हा डेलमरचा जुना सोबती. आणि त्याला आजवर लहान मेंढा दिसलेलाच नव्हता. त्याला दिसायचे ते सगळे पूर्ण वेढ्याचे, म्हातारे, राजबिंडे. एकदा एका मेंढ्याच्या थोरवीवर त्याने तासभर शपथा घेतल्या, आणि ऊन कलल्यावर तो खडक निघाला. तेव्हाही कॉयचं म्हणणं असं की, खडक आत्ता आला, मघाशी मेंढाच होता. पुढे त्याच्या शब्दावर त्याच्या मेव्हण्याने गोळी घातली. शिंग बोटभर कमी भरलं. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मेव्हणा कॉयशी फक्त ग्रेव्हीपुरतं बोलतो. कॉय अजून सांगतो, शिंग मोजणाऱ्या सरकारी वॉर्डनची टेप आखूड होती.

म्हणजे बघायचं ते डेलमरलाच. त्याने एक युक्ती योजली होती. स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकाला फोन अडकवायचं कडं मिळतं. मेंढ्याचा फोटो काढायचा, मग तो बोटांनी मोठा करत जायचा, इतका मोठा की शिंग पडद्याच्या कडेपर्यंत येईल. कडेचं तर त्याला दिसत होतंच.

“आणि फोटो निघाला की खाली ये,” आर्डिस म्हणाली. “मारायलाच पाहिजे असं कुठे आहे? फोटो भिंतीवर लावू. फोटोला मीठ लावून टिकवायला नको.”

“आधी दिसू तर दे.”

एकच गोष्ट राहिली होती. वजन. डेलमरने सारी हयात धान्याच्या कोठारावरचा काटा सांभाळला होता. गहू भरलेले ट्रक यायचे, काट्यावर चढायचे, आणि डेलमर खिडकीतून आकडा सांगायचा. माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही, एवढं एक तत्त्वज्ञान घेऊन तो निवृत्त झाला होता. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता, आणि मेंढे राहतात ते गुडघ्यांचा विचार न करता. म्हणून त्याने स्वयंपाकघरातला काटा ताब्यात घेतला आणि न्यायची प्रत्येक वस्तू त्यावर ठेवली. दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीने कापला. चमच्याचा दांडा कापला. कोटाच्या आतली लेबलं उसवली. नकाशाची समासाची पांढरी पट्टी कातरून टाकली.

“पोटाला लाव ना ती करवत,” आर्डिस म्हणाली. “एका फटक्यात काम होईल.”

“पोट मला सवयीचं आहे.”

“मलाही. म्हणूनच म्हणतेय.”

शिकारीचं जुनं सामान गावात ट्वायला बेकविथच्या दुकानात मिळायचं. तिच्या काचेच्या कपाटात वापरलेले स्कोप ओळीने उभे असत.

“एवढे कुठून येतात गं?” डेलमरने विचारलं.

“निम्मे घटस्फोटातून, निम्मे गुडघ्यांतून. तुम्हाला कुठल्यातला हवाय?”

“हलका.”

“हलका सगळ्यांनाच हवा असतो, डेल. बघायचं काय आहे?”

“मेंढ्याचं शिंग. आणि त्याचा फोटो.”

ट्वायलाने त्याच्याकडे जरा बारकाईने बघितलं. दुकानात शिरताना त्याने दाराच्या मुठीऐवजी चौकटीला हात घातला होता. कपाटातून तिने दोन स्कोप काढून काउंटरवर ठेवले. एक मोठा. त्याची पुढची काच मोठ्या वाटीएवढी, अंगावर ओरखडे, आणि पट्ट्यावर आधीच्या मालकाच्या घामाचा पांढरा नकाशा. दुसरा मक्याच्या कणसाएवढा, काच कपाच्या तोंडाइतकी. त्याची तिपाईही त्याला साजेशी, एखाद्या करकोच्याचे पाय काढून आणल्यासारखी.

“चला, फुटपाथवर,” ट्वायला म्हणाली.

रस्त्याच्या टोकाला धान्याचं कोठार उभं होतं. डेलमरने मोठा स्कोप त्याच्या माथ्यावर रोखला. डोळा लावला आणि तसाच राहिला. एक गाडी गेली, मग आणखी एक गेली. तो हलला नाही.

“काय दिसतंय?” ट्वायलाने विचारलं.

“कबूतर.”

“तिथे नेहमीच असतं.”

“त्याचा डोळा दिसतोय,” डेलमर म्हणाला. “नारिंगी आहे.”

महिनाभरात त्याला कुणाचाच डोळा दिसला नव्हता, बायकोचासुद्धा. त्या वाटीएवढ्या काचेने आभाळातला उजेड ओंजळ भरभरून आत ओतला होता. कबूतर थोडं बाजूला धरून बघितलं की पिसन्‌पीस वेगळं दिसत होतं. त्याला वाटलं, असंच उभं राहावं आणि जेवायला घरी जाऊच नये.

“आता हा पाठीवर घ्या,” ट्वायला म्हणाली. तिने तो स्कोप, त्याला पेलणारी जाड तिपाई, आणि बंदूक, तंबू, अन्न मिळून जेवढं वजन भरेल तेवढ्या वाळूच्या पिशव्या एका सॅकमध्ये भरल्या. “पोस्टापर्यंत जाऊन या.”

पोस्ट फार लांब नव्हतं. डेलमर जाताना ताठ गेला. येताना वाटेत एक पायरी होती. ती चढताना उजवा गुडघा एकदम विरघळल्यासारखा झाला, आणि तो भिंतीला हात टेकून, तिथे लावलेली एक जाहिरात वाचत असल्यासारखा उभा राहिला. जाहिरात हरवलेल्या मांजरीची होती. मांजरीचे कान त्याला दिसले. बराच वेळ वाचून झाल्यावर तो दुकानात आला आणि सॅक उतरवली.

“हा डोंगराला जड आहे,” तो म्हणाला.

“डोंगराला काही नाही झालं. तुम्हाला जड आहे.”

मग त्याने कणसाएवढा स्कोप उचलला आणि त्याचा चेहरा खुलला. हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. फुटपाथवर जाऊन तो त्याने ट्वायलाच्या सिमेंटच्या कुंडीवर टेकवला आणि कोठारावर रोखला. कबूतर दिसलं. डोळाही दिसला. नारिंगी म्हणता येईल इतपत होता. फोन अडकवून त्याने फोटो काढला, बोटांनी मोठा केला. चोच, डोळा, सगळं जागच्या जागी.

“झालं,” तो म्हणाला. “हाच.”

“डेल, आत्ता भर दुपार आहे,” ट्वायला म्हणाली. “मेंढे दुपारी झोपलेले असतात. ते उठतात तेव्हा उजेड नसतो आणि वारा असतो. आणि डोंगरात माझी कुंडी नसते. तुम्ही संध्याकाळी या. मी दुकान उघडं ठेवते. दोन्ही शेजारी शेजारी लावून बघा.”

डेलमरला हे माहीत नव्हतं असं नाही. भर उन्हात फुटपाथवर दुर्बीण पारखून नेणाऱ्या शहरी माणसांना तो आयुष्यभर हसत आला होता. एका दंतवैद्याची गोष्ट तर तो दरवर्षी सांगायचा, आणि दरवर्षी तो दंतवैद्य जास्त मूर्ख व्हायचा. लहान काचेतून दिवस मावळताना मावळलेलाच दिवस दिसतो, हे त्याला पाठ होतं. पण संध्याकाळी आलं तर ते कळणार होतं. कळल्यावर मोठा स्कोप पाठीवर चढणार नव्हता, आणि लहान स्कोपवर विश्वास उरणार नव्हता. मग डोंगर राहिला असता आणि डेलमर खाली राहिला असता.

“संध्याकाळी आर्डिसची बहीण यायची आहे,” तो म्हणाला.

आर्डिसला बहीण नव्हती. ट्वायलाने स्कोप कागदात गुंडाळून दिला.

घरी येऊन त्याने तो काट्यावर ठेवला आणि आकडा आर्डिसला दोनदा वाचून दाखवला. मग तिपाई उलटी करून बघितली. तिच्या पोटाला खाली एक लोखंडी आकडी होती. ती उगाचच वजन वाढवतेय असं ठरवून त्याने ती पिळून काढली आणि खिळ्यांच्या डब्यात टाकली.

सप्टेंबरात तो आणि कॉय डोंगरात गेले. चढायला लागणारा वेळ कॉयने अंदाजाने सांगितला होता. डेलमरने तो दुप्पट धरला, आणि तोही कमी पडला. पण पोचले. वर तंबू ठोकला. रोज पहाटे कड्याच्या धारेवर पडून बघायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी पुन्हा बघायचं. कॉयकडे फक्त गळ्यातली दुर्बीण होती. स्वतःचा स्कोप त्याने मागच्या वर्षी स्वतःच्याच गाडीखाली घातला होता, आणि त्यातही दोष स्कोपचाच होता.

माद्या दिसल्या. पिल्लं दिसली. कॉयने त्यांतल्या एका मादीला पाऊण वेढ्याची ठरवली.

“ती मेंढी आहे,” डेलमर म्हणाला.

“असेल. पण बांधा बघ.”

परवान्याचे दिवस सरत आले, आणि एका संध्याकाळी, सूर्य पलीकडच्या सुळक्यामागे गेल्यावर, समोरच्या उतारावर एक मेंढा उठून उभा राहिला. एकटा. बंदुकीच्या टप्प्यात. डेलमरला तो कॉयच्या आधी दिसला, कारण तो कडेला होता.

“अरे देवा,” कॉय म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. “डेल. मार.”

“थांब.”

डेलमरने स्कोप रोखला. वारा सुटला होता. करकोच्याचे पाय थरथरत होते, आणि त्यांच्याबरोबर पलीकडचा सबंध डोंगर थरथरत होता.

“खाली वजन लटकव,” कॉय कुजबुजला. “सॅक अडकव आकडीला.”

“आकडी घरी आहे.”

“घरी काय करतेय?”

“खिळ्यांच्या डब्यात आहे. जड होती.”

कॉयने त्याच्याकडे बघितलं. बोलण्यासारखं बरंच होतं, पण वेळ नव्हता. त्याने दोन्ही हातांनी तिपाई दाबून धरली. तीही त्याच्या नाडीबरोबर उडू लागली. डेलमरने डोळा लावला. त्या लहान काचेत संध्याकाळ साठून राहिली होती, ताकासारखी. मेंढ्याचे पाय दिसत होते, शेपूट दिसत होतं, पाठीमागचा पिवळा गवताचा पट्टा दिसत होता. आणि नेमकं जिथे डोकं असायला हवं तिथे अंगठ्याएवढं धुकं होतं. त्याने नजर मेंढ्याच्या ढुंगणाकडे नेली. तसं केलं की डोकं कडेला यायचं. आलं. काहीतरी जाड, तपकिरी, गोल. त्याला टोक नव्हतं. म्हणजे असेल, पण ते कुठे संपतंय हे त्या गोलाने सांगितलं नाही.

“मार ना रे!”

“पाऊण आहे का?”

“पूर्ण आहे! पूर्ण आणि वर थोडं!”

“टोक डोळ्याच्या पुढे आहे का, एवढंच सांग.”

“डोळ्याच्या? नाकाच्या पुढे आहे!”

“काल त्या मेंढीलाही पाऊण म्हणालास तू.”

“ती वेगळी गोष्ट होती!”

डेलमरने फोन अडकवला. फोटो काढला, आणखी काढले, बोट दुखेपर्यंत काढत राहिला. मग एक उघडून मोठा केला. मोठा केला तसा मेंढा आला, आणखी मोठा केला तसा मेंढ्याचे चौकोन झाले, आणखी केला तसे चौकोनच उरले. त्याने फोन ठेवला आणि बंदूक घेतली. बंदुकीवरच्या दुर्बिणीत मेंढ्याचा खांदा चांगला दिसत होता. खांद्याला गोळी लागली असती. खांद्याबद्दल कायद्याचं काहीच म्हणणं नव्हतं.

“डेल,” कॉय म्हणाला. “आईची शप्पथ.”

मेंढ्याने मान वळवली. त्यांच्या बाजूला बघितलं असावं. मग तो चढ चढू लागला, अगदी सावकाश, घाईचं काही कारण नसल्यासारखा. सुळक्याच्या धारेवर आभाळासमोर क्षणभर उभा राहिला आणि पलीकडे उतरला. डेलमरने बंदूक खाली ठेवली आणि तिची कळ बंद केली.

कॉयने गळ्यातली दुर्बीण काढून खडकावर ठेवली. मग तो म्हणाला, “का नाही मारलास?”

“मला दिसत नाही, कॉय. मधलं जातंय. डॉक्टरीण म्हणाली.”

“कधीपासून?”

“परवाना लागला तेव्हापासून.”

कॉयने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. “तो खरा होता रे,” तो म्हणाला. “या वेळी खरोखरच होता. वेढा पूर्ण होता. मी बघितला.” थोडं थांबून तो म्हणाला, “पण सांगणारा मी होतो.”

“असू दे.”

“तुझ्या जागी मी असतो तर मीही नसतो मारला. माझ्यावर कोण विश्वास ठेवतं?”

दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागलं आणि पडतच राहिलं. ते खाली आले. उतरताना डेलमर दोनदा बसला आणि दोन्ही वेळा तो निसर्ग बघत असल्याचं कॉयने मान्य केलं. गावात कॉयने या मेंढ्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली. सगळे हसले. तो जितक्या कळकळीने सांगायचा तितके जास्त हसायचे, आणि शेवटी त्याने सांगणं सोडलं.

डेलमरने सरकारी कार्यालयात फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. परवाना एकदा लागला की, मेंढा मिळो न मिळो, आजवरच्या अर्जांमागे साठलेले सोडतीचे गुण शून्यावर जातात, असं तिने सांगितलं. “पण निराश होऊ नका, पुढच्या वसंतात पुन्हा नव्याने सुरुवात करू शकता!” डेलमरने तिचे आभार मानले.

स्कोप ट्वायलाने परत विकायला ठेवून घेतला. कपाटात तो परत मोठ्याच्या शेजारी उभा केला. दुकानात एक जाडसर गृहस्थ हातमोजे बघत होते. त्यांनी लगेच तो उचलला. “वा! वजन आहे की नाही याला?”

“दिसत नाही त्यातून,” डेलमर म्हणाला. “मोठा घ्या.”

“पण हा किती हलका आहे!” गृहस्थ म्हणाले, आणि तो तळहातावर झेलत फुटपाथवर घेऊन गेले. बाहेर लख्ख ऊन होतं.

नाताळच्या आधी आर्डिसने फोनमधला त्यातल्या त्यात बरा फोटो फोटोही छापून देणाऱ्या औषधांच्या दुकानातून मोठा करून आणला. ताटाएवढा. भिंतीवर लावायला म्हणून खिळाही काढून ठेवला, पण डेलमरने फोटो भिंतीवर जाऊ दिला नाही. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिला. डेलमरने वरचा दिवा बदलून सगळ्यांत प्रखर मिळाला तो लावला. दुकानातून एक दांड्याचं भिंगही आणलं. या वेळी वजन न बघता आणलं होतं, चांगलं जड होतं. रोज सकाळी कॉफी घेऊन तो बसतो, भिंग धरतो, नजर मेंढ्याच्या शेपटीवर ठेवतो आणि डोक्याच्या बाजूचा तपकिरी डाग कडेला येण्याची वाट बघतो.

एका सकाळी आर्डिस त्याच्या खांद्यावरून वाकली. तिचे डोळे चांगले आहेत. सुईत दोरा ती अजून चष्म्याशिवाय ओवते. तिने फोटो नीट बघितला, खूप वेळ बघितला, तिरका धरून बघितला.

“डेल,” ती हळूच म्हणाली, “यात काही नाहीये रे. कुणालाच दिसणार नाही. सगळं हललेलं आहे.”

“असेल,” डेलमर म्हणाला. “तू जरा बाजूला हो. उजेड अडतोय.”